चार्ल्स बर्चफिल्डप्रमाणे जुन्या जलरंगाला कागद जोडून चित्र मोठं करायचं आहे: कागद, खळ आणि सांधा याबद्दल माहिती हवी

अंजनेरी_पायथा

नमस्कार मंडळी,

अमेरिकन चित्रकार चार्ल्स बर्चफिल्ड याची जलरंगातली कामं सध्या अभ्यासतो आहे. अमेरिकन चित्रकारांत आपल्याकडे एडवर्ड हॉपरचं नाव निघतं, जॉर्जिया ओ'कीफचं निघतं, याचं मात्र फारसं कुणी काढत नाही. तरुणपणी केलेल्या जलरंगांना पंचवीस-तीस वर्षांनी चारही बाजूंनी कागद जोडून त्याने मोठी चित्रं केली, हे मला विशेष वाटतं.

माझ्याकडे नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचं एक जुनं हाफ शीट (जलरंगाच्या पूर्ण कागदाच्या अर्ध्यावरचं चित्र) आहे. आडवं, १५ बाय २२ इंच, ३०० जीएसएम वजनाचा जाड कागद, कोल्ड प्रेस (थोड्या खडबडीत पोताचा), शंभर टक्के कॉटन. मधे काळा कडा, खाली करवंदीच्या जाळ्या, वर जुलैतले ढग. मधला भाग जमला आहे, पण चित्र चौकटीत कोंडल्यासारखं दिसतं. ते साधारण ३० बाय ४० इंचांपर्यंत न्यायचा विचार आहे.

विचारायचं असं, की पट्ट्या कशा कापायच्या, कशाने चिकटवायच्या आणि सांधा दिसू नये म्हणून काय करतात? नाशिकच्या पावसाळ्यात हे टिकेल का? शिवाय बर्चफिल्डच्या चित्रांत किड्यांचे आवाज, वाऱ्याचा आवाज हे आकार होऊन येतात, त्यामागे काही पद्धत होती का, की ते त्या त्या वेळी सुचत गेलं? आणि घरं, झाडं, पाऊस रंगवणाऱ्याला मॉडर्निस्ट (आधुनिकतावादी) का म्हणतात, हेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

---

पंचवटी_जलरंग

प्रश्न कागदाचा असला तरी आधी हा माणूस बघू. त्याने कागद का जोडले हे कळलं की आपण कुठे जोडायचा हे ठरवणं सोपं जातं.

जन्म १८९३, ओहायो राज्यातलं अ‍ॅश्टाब्युला हार्बर. वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन सेलम या गावी आली. बर्चफिल्डच्या सुरुवातीच्या चित्रांतली सगळी घरं, ओढे, परसबागा या सेलमच्याच. १९१२ ते १९१६ क्लीव्हलँडच्या कलाशाळेत शिकला. हेन्री केलर हे तिथले त्याचे महत्त्वाचे शिक्षक. चिनी गुंडाळीचित्रं आणि जपानी छापचित्रं त्याने याच काळात मनापासून पाहिली. एकाच जागेची दिवसभरातली हवा क्रमाने टिपायची ही कल्पना त्याला चिनी चित्रांवरूनच सुचली. १९१६ मध्ये शिष्यवृत्ती मिळून न्यूयॉर्कच्या नॅशनल अकादमीत गेला आणि एका दिवसात ती शाळा सोडली. तिथे त्याला पहिला आधार मिळाला तो 'सनवाइज टर्न' नावाच्या पुस्तकाच्या दुकानात. ते चालवणाऱ्या मेरी मोब्रे-क्लार्क यांनी त्याची चित्रं मांडली आणि विकली.

मग परत सेलम. धातूकाम करणाऱ्या मलिन्स कंपनीत हिशेबाची नोकरी, आणि चित्रं जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी, रविवारी. १९१७ या एका वर्षात त्याने जे केलं त्याला तो स्वतः आपलं सोन्याचं वर्ष म्हणायचा. 'द इन्सेक्ट कोरस' आणि 'चर्च बेल्स रिंगिंग, रेनी विंटर नाइट' ही दोन्ही त्याच वर्षातली. पहिलं पाहताना आकार ध्यानात घ्या: २० इंच बाय जेमतेम १६. आपल्या हाफ शीटपेक्षा थोडं लहानच. परसातली झाडं, छप्पर, गवत, सगळंच किड्यांच्या आवाजाने थरथरतंय, आणि हे सगळं एवढ्याशा कागदावर.

मॉडर्निस्ट का, याचं उत्तर त्या वर्षाच्या एका वहीत आहे. 'कन्व्हेन्शन्स फॉर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट थॉट्स' असं नाव देऊन त्याने मनाच्या अवस्थांसाठी छोटे अमूर्त आकार काढून ठेवले: भीती, दुष्टपणाची ओढ, वेडेपणा, खिन्नता, निरर्थक भटकणारा विचार. प्रत्येक आकाराखाली नाव. नंतर हेच आकार खिडक्यांत, फांद्यांत, ढगांत, मनोऱ्यांत पेरले. भीतीसाठीचा आकडीसारखा वळणारा आकार 'चर्च बेल्स'मधल्या मनोऱ्यात दिसतो. त्यामुळे तो मनोरा इमारत वाटतच नाही, घंटेच्या नादाने घाबरलेल्या मुलाच्या डोक्यातलं काहीतरी वाटतो. युरोपातून नवकलेची भाषा उचलून न आणता, गावातल्या पावसाळी रात्रीतून त्याने अमूर्ताकडे वाट काढली. म्हणून तो मॉडर्निस्ट. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३० मध्ये एकाच चित्रकाराचं म्हणून जे पहिलं प्रदर्शन भरवलं, ते बर्चफिल्डच्या १९१६ ते १९१८ मधल्या जलरंगांचं होतं.

मधला काळ वेगळा आहे. १९१८ मध्ये सैन्यात भरती, तिथे कॅमफ्लाजच्या (शत्रूच्या नजरेपासून लपवण्याच्या रंगकामाच्या) विभागात काम. १९२१ ला बफेलो शहरात बर्ज कंपनीत वॉलपेपरचा डिझाइनर. १९२९ ला नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार. या काळात त्याने जुनी लाकडी घरं, रेल्वे, कारखाने, लोखंडी पूल रंगवले. 'ब्लॅक आयर्न' १९३५ चं. हॉपरने त्याच्यावर १९२८ मध्ये लेख लिहिला तोही याच वास्तववादी कामांच्या दिवसांत. नाव झालं, पैसे आले, पण त्याला स्वतःला हे पुरेसं वाटेना.

१९४३ च्या सुमारास त्याने जुनी चित्रं पुन्हा बाहेर काढली. १९१७ मध्ये सुरू केलेलं 'द कमिंग ऑफ स्प्रिंग' त्याने १९४३ मध्ये पुरं केलं. आज ते मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. 'सन अँड रॉक्स' १९१८ ते १९५०. 'द फोर सीझन्स' १९४९ ते १९६०. व्हिटनी म्युझियममधलं 'अ‍ॅन एप्रिल मूड' १९४६ ते १९५५, जलरंग आणि चारकोल, जोडलेल्या कागदावर. हे ४० बाय ५४ इंच आहे.

आता तुमच्यासाठी कामाचा मुद्दा. जुन्या चित्रातली भावना त्याला खरी वाटत होती, पण विशीतल्या हाताला तिला पुरेशी जागा देता आली नव्हती असं त्याला वाटे. म्हणून मधला भाग बहुतेक तसाच ठेवून आजूबाजूला जागा वाढवली. तुमच्याही चित्राला नुसती मोकळी हवा हवी असेल तर रुंद माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून भागेल, त्यासाठी कागद जोडायची गरज नाही. कड्याच्या वर आणि जाळीच्या खाली नवीन काही घडणार असेल तरच या भानगडीत पडा. तो जन्मभर दिनचर्या लिहीत होता, सुमारे १०,००० पानं. हवा, झाडं, आवाज, कुठल्या दिशेचा वारा, सगळं टिपलेलं. जोडलेल्या पट्ट्यांत भरायला त्याच्याकडे हा एवढा साठा होता.

---

कागद_आणि_खळ

वरचं विवेचन उत्तम. मी फक्त कागदाचं बोलतो.

सर्वांत आधी कागदाची दिशा. बहुतेक जण इथेच फसतात. ओला झाला की कागद एका दिशेला जास्त फुगतो, दुसऱ्या दिशेला कमी. पट्टीची दिशा आणि मूळ कागदाची दिशा जुळली नाही तर वाळताना सांधा पन्हळीसारखा उठतो, आणि मग कितीही वजन ठेवा, बसत नाही. हातकागदात हा फरक नगण्य असतो. साच्यावर यंत्राने काढलेल्या कॉटन कागदात तो असतोच.

तुमचं हाफ शीट २२ बाय ३० च्या फुल शीटची ३० इंचांची बाजू निम्मी करून कापलेलं असणार. चित्र आडवं असल्यामुळे मूळ कागदाची ३० ची दिशा आता उभी आहे. म्हणून सगळ्या पट्ट्यांमध्येही ती उभीच राहिली पाहिजे. हिशेब असा बसतो: एका फुल शीटमधून २२ लांब आणि साडेसात रुंद अशा दोन पट्ट्या आडव्या कापा. एक वर, एक खाली. चित्र झालं २२ रुंद, ३० उंच. मग दुसऱ्या फुल शीटमधून ३० उंच आणि ९ रुंद अशा दोन पट्ट्या उभ्या कापा, एक डावीकडे, एक उजवीकडे. झालं ४० बाय ३०. दोन शीट, चार सांधे, आणि दिशा सगळीकडे एकच. सांध्यात कागद एकमेकांवर चढतो, त्यासाठी प्रत्येक जोडाच्या बाजूला पाव इंच जास्त ठेवून कापा. मूळ कागदाला नैसर्गिक फाटकी कड असेल तर ती आधी सरळ कापून घ्या, नाहीतर सांध्यात गाठी येतात.

क्रमही हाच: आधी वर-खाली, मग बाजू. उलट केलंत तर ४० इंच लांबीच्या आडव्या पट्ट्या लागतील, आणि त्या फुल शीटमधून निघतच नाहीत.

पट्टीचा कागद त्याच कंपनीचा, त्याच वजनाचा आणि त्याच पोताचा घ्या. रंग तरीही जुळणार नाही, कारण जुना कागद पिवळसर झालेला असतो. त्यासाठी चहाचं पाणी लावू नका. चहा आम्लधर्मी असतो आणि त्याचा रंग उडतो. रॉ सिएना आणि चिमूटभर बर्न्ट अंबर यांचा अगदी पातळ वॉश (भरपूर पाण्यातला रंगाचा सलग थर) पूर्ण पट्टीवर द्या, वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात मूळ कागदाशेजारी धरून बघा. ओला असताना रंग जुळल्यासारखा दिसला तर वाळल्यावर तो फिका पडलेला असेल, हे धरून चला.

आता सांधा. नुसत्या कडेला कड भिडवली तर फट दिसतेच आणि रंग तिच्यात उतरून काळी रेघ उमटते. याचं कारण साधं आहे. कागदाच्या पृष्ठभागावर साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) असतं, कापलेल्या कडेत आतले शोषणारे तंतू उघडे पडतात, आणि ती कड टीपकागदासारखी रंग ओढते. म्हणून उतरता सांधा करायचा. मूळ चित्राची कड मागच्या बाजूने घासून पातळ करा, पट्टीची कड पुढच्या बाजूने. मग चित्राची पातळ कड पट्टीवर चढवा. असं केलं की चित्राचा रंगवलेला पृष्ठभाग शाबूत राहतो आणि पट्टीचा घासलेला, शोषणारा भाग खाली झाकला जातो. घासायला आधी १५० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २४०. चित्र पालथं घालताना खाली जाड काच आणि काचेवर स्वच्छ ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद. पाव इंच रुंदीत उतार द्यायचा. शेवटच्या टोकाला कागद बोटाला जेमतेम जाणवेल इतका पातळ झाला पाहिजे. घासताना एकाच दिशेने, आतून बाहेर जायचं. उलट गेलात की कड उसवते.

चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. फेव्हिकॉल नको. तो परत सुटत नाही, कडक होतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी दुरुस्ती करायची म्हटलं तर कागदच फाडावा लागतो. मैद्याची खळही नको. त्यात ग्लुटेन असतं, किडे येतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडईसाठी गव्हाचा चीक घरोघरी काढतात, तोच चालतो, पण तो आंबवलेला असतो. ताज्या पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत हे करायचं आणि मग सावलीत वाळवायचा. सुक्या पुडीच्या चौपट पाणी घ्या. तासभर भिजवा, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवा. पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा आणि पाणी घालून घट्ट ताकाइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यापेक्षा जुनी वापरू नका.

एक सांगतो, कारण बाइंडिंगवाले हमखास हा सल्ला देतात: खळीत मोरचूद घालू नका. कसर लागत नाही हे खरं, पण मोरचुदातलं तांबं कागदाच्या तंतूंचं ऑक्सिडीकरण वाढवतं. कालांतराने तिथला कागद तपकिरी होऊन मोडायला लागतो. हिशेबाच्या वहीला ते चालून जाईल, चित्राला नाही.

खळ फक्त पट्टीच्या घासलेल्या भागावर, पातळ. चित्र वर ठेवा, हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या फोल्डरने (घडी दाबायच्या पट्टीने) मधे ग्लासीन घेऊन दाबा. खाली-वर टीपकागद, वर काच, काचेवर पाच-सहा किलो वजन. पंधरा-वीस मिनिटांनी टीपकागद बदला, तासाभराने पुन्हा बदला, मग रात्रभर ठेवा. एप्रिल-मेमध्ये चोवीस तास पुरतात, पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. सांधा वाळला की मागून दीड इंच रुंदीची पातळ जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी त्याच खळीने लावा. ४० बाय ३० चा कागद उचलताना सगळा ताण सांध्यावर येतो, तो ही पट्टी घेते.

आणि हे सगळं आधी रद्दी चित्रावर करून बघा. त्याच कागदाचे तळहाताएवढे दोन तुकडे जोडा आणि त्यांच्यावर वॉश देऊन बघा. रेघ उमटली तर घासणं कमी पडलंय.

---

कोरडा_कुंचला

वरच्या दोन्ही उत्तरांना जोडणारी एक गोष्ट राहिली आहे.

बर्चफिल्ड जलरंग ओल्या कागदावर वाहू देत नसे. कागद कोरडा, ईझलवर जवळजवळ उभा, आणि कुंचल्यात पाणी बेताचं. बाहेर दलदलीत काम करतानाही ईझल उभाच. त्याच्या चित्रात वॉशपेक्षा फटकारे जास्त, फटकाऱ्यांवर फटकारे, मधे चारकोल, कुठे अपारदर्शक रंग. खोडणं, घासणं, पुन्हा वर रंगवणं हेही आलंच. तेलरंगासारखं काम, पण जलरंगात. म्हणूनच त्याला वर्षानुवर्षं एकाच चित्रावर परतता आलं आणि म्हणूनच कागद जोडता आले. ओला वॉश सांध्यावरून नेला तर पाणी सांध्यापाशी थबकतं, कण साचतात आणि रेघ दिसते. कोरड्या फटकाऱ्यांचं जाळं सांध्यावरून गेलं की नजर फटकाऱ्यांमागे जाते. वाहत्या वॉशचं चित्र असं जोडून वाढवायला गेलात तर पट्टी शेवटपर्यंत पट्टीच दिसेल.

शिवाजी तुपे यांच्यासारख्यांमुळे आपल्या नाशिकच्या डोळ्याला प्रवाही, ताजा, एका दमात उतरवलेला गोदाघाट आवडतो. ती फार मोठी परंपरा आहे. पण तिची तंत्रं इथे जशीच्या तशी लावू नका. हे काम वेगळ्या चालीचं आहे.

प्रत्यक्षात असं करा. चपटा हॉगचा (डुकराच्या राठ केसांचा) किंवा जुना सिंथेटिक कुंचला, अर्धा ते पाऊण इंच. रंग ट्यूबमधून काढून साईइतका दाट ठेवा. कुंचला रंगात बुडवून झाल्यावर कापडावर टेकवून निम्मा रंग काढा. फटकारा कोल्ड प्रेसच्या उंचवट्यांवर बसला पाहिजे, खळग्यांत पांढरं राहिलं पाहिजे. पूर्ण भरलं तर पाणी जास्त आहे. फटकारा अर्ध्यात तुटला तर रंग वाळला आहे. मे महिन्यात दुपारी नाशिकला हवा इतकी कोरडी असते की पॅलेटवर रंग मिनिटभरात कडक होतो. पॅलेटखाली ओलं कापड ठेवा. पांढऱ्यासाठी ग्वाशचा (अपारदर्शक जलरंगाचा) झिंक व्हाइट घ्या, पोस्टर कलर नको. पोस्टर कलरचा जाड थर नंतर तडकतो आणि भुकटी होऊन निघतो. लाल हवा असेल तर अलिझरीन क्रिमसन टाळा, तो उजेडात उडतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन जातीचा लाल.

पट्ट्या जोडल्यावर लगेच रंगवायला घेऊ नका. आधी चारकोलने पूर्ण ४० बाय ३० वर मांडणी करा. मूळ चित्रातली मुख्य रेघ, तुमच्या बाबतीत कड्याची धार, पट्टीत कुठे जाते ते बघा. सांधा जिथून जातो तिथे गडद, गजबजलेला भाग आला पाहिजे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मूळ चित्रावरही नव्याने काम करावं लागेल, नाहीतर जुन्या आणि नव्या हाताची सीमा उघडी पडते. बर्चफिल्डने बरीच वर्षं वॉलपेपरचं डिझाइन केलं, हे इथे आठवा. वॉलपेपरमध्ये एका पट्टीवरचं पान दुसऱ्या पट्टीवर पुरं होतं. कडेवर आकार तोडायचा नाही, कडेवरून न्यायचा, ही सवय त्या धंद्यातच लागते.

आवाजाच्या आकारांबद्दल. पद्धत होती, आणि ती तुम्हालाही वापरता येईल. वही घ्या, एका पानावर नऊ चौकोन आखा. फक्त काळा रंग, चार नंबरचा गोल कुंचला. अंजनेरी, त्र्यंबकच्या बाजूला पावसाआधी झाडांवर सिकाडा किड्यांचा जो कर्कश, एकसुरी आवाज भरून राहतो, त्याच्यासाठी एक चौकोन. रात्रीच्या रातकिड्यांसाठी दुसरा, कारण तो आवाज तुटक असतो. पावसाची सर पत्र्यावर, तिसरा. कड्यावरून उलट फिरणारा वारा, चौथा. वस्तू काढायची नाही, आवाजाची चाल काढायची: सुरुवात कुठे, टोक धारदार की बोथट, दोन ठोक्यांमधलं अंतर किती. सिकाडासाठी करवतीच्या दातांसारखे छोटे तिरके फटकारे, मुळाशी दाट आणि गडद, बाहेर जाताना विरळ. गडद, मध्यम, फिका अशा तीन छटा पुरतात.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. फटकाऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवलं की नक्षी होते आणि आवाज मरतो. आणि आवाजाचे आकार झाडावर वेगळे चिकटवल्यासारखे काढले की ते व्यंगचित्रातल्या खुणांसारखे दिसतात. 'इन्सेक्ट कोरस' जवळून बघा. पानांचा, छपराचा, गवताचा आकारच त्या लयीत बदललाय. तुमच्या करवंदीच्या जाळीला तिचे काटे आहेतच. सिकाडाचे दात आणि करवंदीचे काटे एकाच फटकाऱ्यातून येऊ द्या.

---

अंजनेरी_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदाच्या दिशेचा हिशेब तर मला कधी सुचलाच नसता.

दोन अडचणी. माझे ढग वेट-इन-वेट (ओल्या कागदावर ओला रंग सोडून केलेले) आहेत आणि ते थेट वरच्या कडेपर्यंत गेले आहेत. म्हणजे वरचा सांधा नेमका आकाशात येतो. तिथे गडद, गजबजलेलं काही नाही. आणि चित्र तयार झाल्यावर ते पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवावं का? बर्चफिल्डची कामं बोर्डावर चढवलेली असतात असं वाचलं. फ्रेमवाला हार्डबोर्डवर चिकटवून देतो म्हणतोय.

---

कोरडा_कुंचला

आकाशाचं सांगतो. जोडण्याच्या आधी वरच्या कडेचा साधारण दीड इंचाचा भाग उचलून घ्या. नैसर्गिक स्पंज स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळा, कडेवर टेकवा, लगेच टीपकागदाने टिपा. घासू नका. कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उठतो. प्रशियन ब्लू आणि थॅलो ब्लू कागदात मुरतात, ते पूर्ण उठणार नाहीत, फिके झाले तरी पुरे. उचललेली कड आतल्या बाजूला सरळ रेषेत संपू देऊ नका, ढगाच्या आकारात वेडीवाकडी संपवा. मग पूर्ण वाळू द्या, एक रात्र दाबून सपाट करा, आणि मगच मागून घासायला घ्या. ओलसर कागद घासला की लोकर सुटते.

जोडल्यावर ढग फटकाऱ्यांनी उभारा. बर्चफिल्डचं आकाश सपाट क्वचितच असतं. कमानी, उभ्या लहरी, एकात एक वळसे असतात. जुलैत अंजनेरीवर ढग कड्याला घासून वर वळतात, ती वळणं उभी आहेत आणि तुमचा सांधा आडवा आहे. उभे फटकारे आडव्या सांध्याला काटकोनात ओलांडतात, त्यामुळे सांधा सहज हरवतो. फक्त एकही फटकारा बरोबर सांध्यावर सुरू किंवा बंद होता कामा नये. कड्याचं एखादं टोक वरच्या पट्टीत घुसवता आलं तर आणखी चांगलं. उंचीही वाढेल.

खालची पट्टी त्यामानाने सोपी. जाळी, दगड, सावली, सगळं गडद. तिथून सुरुवात करा, हात बसू द्या, आकाश शेवटी.

---

कागद_आणि_खळ

हार्डबोर्ड नको. त्यात लाकडातलं लिग्निन असतं, आम्ल सुटतं, मागून कागद तपकिरी होतो. त्या काळी प्रेसवुडवर (हार्डबोर्डसारख्याच बोर्डावर) चढवलेली चित्रं आज म्युझियममध्ये आहेत हे खरं, पण ती नियंत्रित हवेत असतात. आपल्याकडे जूनमध्ये भिंत ओल धरते आणि बोर्ड कागदाआधी फुगतो.

पूर्ण चिकटवण्याला दुसरीही अडचण आहे. मागून खळ लावली की ३०-३२ इंचांत कागद पाव इंच सहज वाढतो, वाळताना आकसतो आणि बोर्डला धनुष्यासारखं वाकवतो. ते टाळायला बोर्डच्या मागूनही तेवढाच कागद लावावा लागतो. शिवाय तुमचं चित्र रंगवलेलं आहे. ओल पुढे आली तर रंग हलेल. ओल्या कापसाचा बोळा एका कोपऱ्यावर टेकवून बघा. बोळ्याला रंग लागला तर पूर्ण चिकटवण्याचा विचारच सोडा.

त्यापेक्षा आम्लविरहित माउंट बोर्डवर चित्र बिजागऱ्यांवर टांगा. जाड जपानी टिश्यूच्या एक इंच रुंदीच्या पट्ट्या, वरच्या कडेला मागून चार-पाच, याच खळीने. बाजू आणि खालची कड मोकळी. कागदाला फुगायला आणि आकसायला जागा राहते. वरून अडीच-तीन इंचांचं खिडकीचं माउंट. काच कागदाला टेकता कामा नये, मधे पाच-सहा मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर आतला दमटपणा काचेवर धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. या आकाराला काच जड होते, तीन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक चालेल. पण कोरडा चारकोल सुटा राहिला असेल तर अ‍ॅक्रिलिक नको. पुसताना त्यात स्थिर वीज येते आणि चारकोलचे कण वर ओढले जातात. मग काचच लावा.

बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागे हवा खेळेल. खिडकीसमोर नको. म्युझियममध्ये जलरंगावर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. घरी तेवढा अंधार कोण ठेवणार, पण थेट ऊन तरी टाळता येतं.

कामाला सुरुवात नोव्हेंबरनंतर करा. दिवाळी ते फेब्रुवारी नाशिकची हवा या कामाला सर्वांत चांगली: खळ एकसारखी वाळते, रंग पॅलेटवर लगेच कडक होत नाही.

---

पंचवटी_जलरंग

एक छोटी पुरवणी. बर्चफिल्ड अशा चित्रांना दोन्ही साल देत असे, सुरुवातीचं आणि पूर्ण झाल्याचं. सहीला सीईबी ही आद्याक्षरं गुंफलेली. तुम्हीही दोन्ही सालं घाला. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने, शाईने नाही, मूळ कागदाचं माप, कुठल्या पट्ट्या कधी जोडल्या आणि कुठली खळ वापरली ते लिहून ठेवा. पुढे कुणाला सांधा सोडवायचा झाला तर आधी तेच शोधतील.

जोडण्याआधी मूळ हाफ शीटचा नीट उजेडात फोटोही काढून ठेवा, चारही कडा दिसतील असा.